मागे राहणारा

रेहाना आपाला इश्फाकचा सलाम,

महिनाभर लिहिलं नाही, कारण लिहायला बसलो की माझ्याबरोबर शिकणाऱ्या तौसीफचं कौतुक लिहावं लागणार, आणि ते मला माझ्या हातानं करायचं नव्हतं. मी खुशाल आहे, पोटभर जेवतो. गुरेझला किती बर्फ पडला? छप्पर वेळेवर झाडता ना? आणि काळ्या बकरीला करडू झालं का?

इथे गुलमर्गला, बर्फातल्या बचावाच्या आमच्या शिबिरात, तीन दिवस वादळ होतं. ताज्या बर्फाचा उतार आम्ही एकेक करून ओलांडतो. एक पार झाला की मगच दुसरा निघतो. उस्ताद नेहमी तौसीफला पहिला सोडतात आणि मला शेवटी. त्याचे पाय काय सोन्याचे आहेत?

काल मला राहवलं नाही. तो मधोमध असतानाच मी उतारावर पाय टाकला. खाली बर्फ धप्पकन बसला आणि लांबच लांब भेग धावत गेली. घाबरू नकोस, बर्फ सुटून खाली आला नाही.

उस्तादांनी माझं फावडं काढून घेतलं. "गाढवा, गाडलेल्याला मागे राहिलेलाच उकरून काढतो. तुझे दंड बघून तुला शेवटी ठेवत होतो!"

आता शिक्षा म्हणून मी चुलीपाशी सगळ्यांचा खारट नून चहा ढवळतोय. तौसीफवरचा माझा राग अजून गेलेला नाही.

अगं, इथवर लिहिलं आणि दारात तौसीफ उभा, हातात माझं फावडं! म्हणतो, "ऊठ रे गुरेझी. तू मागे नसशील तर मी पुढे जाणार नाही, उस्तादांना सांगून आलोय."

बघ आपा, दिलजमाईलाही हाच आधी आला.

तुझा धाकटा,
इश्फाक