हात थंडीनं हलतो

१ जानेवारी २०२५, सकाळी ११
उठायला उशीर झाला. काल थर्टी फर्स्ट होता, त्याला मी काय करणार. आजपासून रोजनिशी. ही कुणी वाचायची नाही, विशेषतः बायकोनं.

संकल्प : दारू कंट्रोलमध्ये आणणे. सोडणे नव्हे. सोडायची वेळ बेवड्यांवर येते. कळंबात बावीस वर्षं पेंटर उत्तरेश्वर म्हणून माझं नाव आहे. बेवडा गटारीत पडतो. मी एकदाच पडलो, तेही गटारीच्या अलीकडं.

या महिन्याचं मोठं काम : दीपालीचा बोर्ड. पोरगी शिवणकामाचा कोर्स करून आली, २६ जानेवारीला स्वतःचा क्लास काढतेय. फ्लेक्स लावू म्हणत होती. मी म्हणालो, पेंटरच्या पोरीच्या दारावर फ्लेक्स? लोक काय म्हणतील. बोर्ड मीच रंगवणार. माझं दोन दिवसांचं काम. हातात पंचवीस आहेत.

४ जानेवारी, शनिवार
गोरोबाला घेऊन धाराशिवला जाऊन आलो. गोरोबा टमटम चालवतो, पंधरा वर्षं आम्ही सोबत बसतो. त्याच्या डोक्यात दारू सोडायचं खूळ आलंय. बेवडाच आहे तो, बरं झालं. एकट्याला धीर होत नव्हता म्हणून जबाबदार माणूस म्हणून मी गेलो. एसटीत येडशीपर्यंत त्याला समजावत होतो, पुढं मला झोप लागली.

डॉक्टर बाई आहेत. आवाज शांत. त्यांनी गोरोबाला चार प्रश्न विचारले. कमी करावी असं कधी वाटलं का? दुसरं कुणी बोललं तर राग येतो का? नंतर अपराधी वाटतं का? सकाळी उठल्याउठल्या लागते का? गोरोबानं चारीला मान डोलवली. मी मनातल्या मनात सोडवून बघितले. माझे तीन आले. पण सकाळचं माझं कारण व्यावसायिक आहे. ब्रशला टर्पेंटाइन लागतं, हाताला हे लागतं.

बाई म्हणाल्या, हा आजार आहे, बीपी-शुगरसारखा. मन कच्चं असण्याचा संबंध नाही. आणि रोज पिणाऱ्यानं घरच्या घरी एकदम बंद करू नये, झटके येतात, जिवावर बेततं. औषधं देऊन, लक्ष ठेवून सोडवावी लागते. मी म्हणालो, मॅडम, विलपॉवर असली की झालं. त्यांनी विचारलं, तुम्ही काय करता? पेंटर, म्हणालो. त्यांनी माझ्या हातांकडं बघितलं. मी हात खिशात घातले. थंडी होती.

गोरोबाला ॲडमिट करून घेतलं. बिचारा.

९ जानेवारी
नवी सिस्टीम सुरू. क्वार्टर पूर्ण बंद. आता फक्त नाइन्टी. दिवसातून पाचच वेळा. फरक लगेच जाणवतो.

१२ जानेवारी, रविवार
बोर्ड सुरू केला. पत्रा घासला, पांढरा मारला, 'दीपाली शिवणक्लास' आखून घेतलं. 'दीपा' झकास आलं. 'ली' जरा उतरली. दीपाली बघून म्हणाली, आप्पा, ती घसरगुंडीवर बसल्यागत दिसतीय. मी सांगितलं, फ्रीहँड स्टाइल आहे, पुण्यात हेच चालतं. तिनं रंगाचा डबा तेवढा जवळ सरकवून ठेवला, मला वाकावं लागू नये म्हणून. गुणी पोरगी आहे.

१४ जानेवारी, संक्रांत
बायकोनं, शिवगंगानं, सकाळी सांगितलं की शेजारच्या हरणाबाईंनी एक पावडर आणून दिली होती, गुपचूप चहात टाकायची, दारू सुटते म्हणे. हिनं गोरोबाच्या बायकोकडून नंबर घेऊन डॉक्टर बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, माणसाला न सांगता काही देऊ नका, काय असतं त्यात कुणाला माहीत. मग हिनं ती पावडर मोरीत ओतली.

मी विचारलं, तू डॉक्टरला माझ्याबद्दल फोन केलास? ती म्हणाली, न्हाय, बीपीच्या पेशंटाबद्दल. टोमणा कळला. दिवसभर घरचा चहा घेतला नाही. खबरदारी म्हणून बाहेरच घेतलं. चहा नाही.

१८ जानेवारी
गोरोबा परत आला. तोंड धुतल्यासारखं दिसतं. डोळे पांढरे आहेत त्याचे, पंधरा वर्षांत मला माहीतच नव्हतं. रोज गोळी घेतो, बायको समोर उभी राहते. दर गुरुवारी धाराशिवला दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला जाणार आहे. मी म्हणालो, अरे, ह्या सगळ्या कुबड्या आहेत. तो म्हणाला, व्हय की. पाय मोडल्यावर कुबडीच लागती.

बसू या का संध्याकाळी, म्हणालो, तू नुसते शेंगदाणे खा. तर म्हणाला, उत्तरेश्वर, मला सध्या तुझ्याजवळ बसवत न्हाय. राग मानू नको. आन तू बी चल एकदा. मी म्हणालो, मी कशाला? तो म्हणाला, माझ्यासंगं. सोबत म्हणून.

पंधरा वर्षांची दोस्ती. माणूस दोन आठवड्यांत एवढा बदलतो.

२२ जानेवारी
दिवसभर विचार केला. गोरोबासारख्याला जमतं तर मला का नाही? उद्यापासून पूर्ण बंद. गोळी नाही, मीटिंग नाही, दवाखाना नाही. गोरोबाला मुद्दाम फोन करून कळवलं. तो घाबरून म्हणाला, एकदम नको, आधी बाईंना विचार. मी सांगितलं, मी पेशंट नाही.

आज शेवटची म्हणून जरा जास्त झाली.

२३ जानेवारी, सकाळी ९
बंद. एकदम सोपं आहे. लोक उगाच बाऊ करतात.

संध्याकाळी ६
घाम. हवा बदललीय. हात हलतोय, थंडीचा.

२४ जानेवारी, सकाळी
झोप नाही. दोनदा उलटी, बहुतेक कालचे भजे. भिंतीवर मुंग्या फार झाल्यात. शिवगंगाला म्हणालो, खडू मार. ती म्हणते, मुंग्या कुठायत? तिला चष्मा लागलाय वाटतं.
आज बोर्ड संपवणार. फक्त 'शिवणक्लास' उरलंय.

२९ जानेवारी, धाराशिव
दवाखान्यात आहे. खाट खिडकीजवळ मिळाली. मधले दिवस मला आठवत नाहीत. शिवगंगानं सांगितलं ते लिहितो.

२४ ला मी स्टुलावर चढून 'शि'ची वेलांटी काढत होतो. ब्रश पडला, मग मी पडलो. झटका आला, दातखीळ बसली. दीपालीनं मला कुशीवर वळवलं. गोरोबानं टमटम काढली, कळंबच्या दवाखान्यात नेलं, तिथून इथं. मी दोन दिवस खाटेवर हवेतच ब्रश चालवत होतो आणि नर्सला सांगत होतो, मॅडम, बाजूला व्हा, रंग ओला आहे.

२६ तारीख अशी गेली.

३० जानेवारी
दीपाली आली होती. क्लास ठरल्या दिवशी सुरू झाला, अकरा पोरी आल्या. मी विचारलं, बोर्ड? ती म्हणाली, उरलेला मी रंगवला, 'ली' पण सरळ केली. फोटो दाखवला. अक्षर चांगलं आहे. मी म्हणालो, शेवटी कला रक्तातच असते. ती म्हणाली, आप्पा, माझ्या रक्तात अजून काय काय आहे त्याचीच मला भीती वाटते.

मग डबा उघडून दिला. मी जेवलो. चव लागली नाही. औषधांमुळं असेल.

नाही. औषधांमुळं नसेल.

३ फेब्रुवारी
डॉक्टर बाईंनी तेच चार प्रश्न विचारले. मी म्हणालो, तीन. त्यांनी ते लिहून घेतलं नाही. मी म्हणालो, चार.

पुढं औषधं, तपासण्या, गुरुवारची मीटिंग. पुन्हा प्यालो तरी तोंड लपवायचं नाही, परत यायचं, असं त्या म्हणाल्या. मी म्हणालो, माझ्या बाबतीत तो प्रश्न येणार नाही. त्यांनी तरी ते कागदावर लिहिलंच.

५ फेब्रुवारी
उद्या मीटिंग. गोरोबा येणार आहे. नवीन माणसांना मार्गदर्शन करावं असं मनात आहे. चाळीस मिनिटांचं भाषण तयार केलं. विषय : विलपॉवर आणि कलावंत. मुद्दे नऊ.

६ फेब्रुवारी, गुरुवार
छोटी खोली, चौदा खुर्च्या. आधी ओळख. पहिला मास्तर, म्हणाला, मी मेव्हण्यासोबत आलोय. त्याचा मेव्हणा म्हणाला, मी ह्यांच्यासोबत आलोय. कुणी हसलं नाही. सगळ्यांनी तेच करून झालेलं असावं.

माझी पाळी आली. भाषणाचा कागद खिशातच होता. उभा राहिलो. म्हणालो, मी उत्तरेश्वर. सकाळी घेतल्याशिवाय मला ब्रश धरता येत नव्हता. माझ्या पोरीचा बोर्ड मला पुरा करता आला नाही.

आणि बसलो. सगळं अर्ध्या मिनिटात झालं असेल. टाळ्या नाहीत, काही नाही. शेजारचा उठला, त्यानं त्याचं नाव सांगितलं.

नंतर चहा आला. गोरोबा वाटत होता. बाकीच्यांना कप भरून दिले, मला अर्धाच दिला. मी त्याच्याकडं बघितलं. तो पुढच्या खुर्चीकडं गेला होता.

दोन्ही हातांनी धरला. सांडला नाही.