भुसावाल्यांच्या दारापुढे

व्हॅलेटा,
४ मार्च १९९७

चि. ग्राझिएला हिस,
डोलोरमावशीचे आशीर्वाद. ते या खेपेला रागातून दिलेले आहेत, हे आधीच सांगते.

काल, सोमवार, ३ मार्च रोजी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी तू परक्या माणसांचा एक घोळका घेऊन आमच्या गल्लीत आलीस. आमच्या इमारतीखालच्या बंद बेकरीपुढे त्यांना उभं केलंस आणि खणखणीत आवाजात सांगितलंस की, युद्धात सगळं शहर उपाशी असताना या बेकरीवाल्याने पावात लाकडाचा भुसा मिसळला, म्हणून या घराला गल्ली अजून ‘भुसावाले’ म्हणते. माणसं हसली. एकाने फोटो काढला. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत त्या बेकरीवाल्याची मुलगी सालवीना चादर वाळत घालत होती. मी तिच्या वरच्या गॅलरीत होते. तिने चादर तशीच ओली आत ओढली आणि दार लावलं.

तू मेलबर्नला वाढलीस, म्हणून सांगते. इथे प्रत्येक घराला टोपणनाव असतं. पोस्टमनला आडनावापेक्षा तेच उपयोगी पडतं. पण त्या घरच्या माणसाच्या कानावर ते कुणी पडू देत नाही. एवढी रीत आमचा खाटीकसुद्धा पाळतो.

आज सकाळी जिन्यात मी समोर आले, तर सालवीना भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी गेल्यावर मग खाली उतरली. एकवीस तारखेला दुःखी मातेचा शुक्रवार. माझं नाव त्या मातेवरूनच ठेवलेलं, म्हणून माझा नामदिनही तोच. त्या दिवशीच्या मिरवणुकीमागे आम्ही दोघी लहानपणापासून अनवाणी, हातात हात घालून चालत आलो. यंदा मी कुणाचा हात धरू?

पर्यटकांना फिरवतेस त्या तुझ्या फेरीतून ती गोष्ट काढ आणि सालवीनाची माफी माग. फोन करू नकोस. टेलिफोन एक्सचेंजमध्ये मी उभं आयुष्य काढलं. तारेवरून माणसं किती सहज खोटं बोलतात, ते मला ठाऊक आहे.

अजून तरी तुझीच,
डोलोरमावशी

•

स्लीमा,
७ मार्च १९९७

ती. डोलोरमावशीस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. मध्ये फेरीबोटीची दहा मिनिटं, आणि तू तिकीट चिकटवून ओरडतेस. आईला फोनवर वाचून दाखवलं, तर म्हणाली की, डोलोरने दौतीत मिरपूड टाकलेली दिसते.

सालवीनामावशी वर उभ्या होत्या, हे मला दिसलं नाही. त्याचं खरंच वाईट वाटतं. पण माझंही ऐक. जहाजातून उतरलेली माणसं कॅथेड्रल बघतात, तटावर फोटो काढतात, आइस्क्रीम खातात आणि निघून जातात. मी त्यांना पुस्तकात नसलेलं शहर दाखवते. तटाखालच्या त्या पत्र्याच्या होडीखोल्या, दुकानांवरच्या हाताने रंगवलेल्या जुन्या पाट्या. तुमच्या बेकरीकडे इतकी वर्षं कुणी ढुंकून पाहत नव्हतं. आता लोक थांबतात. गोष्ट काढली, तर उरतं काय? एक बंद दार.

आणि रागावू नकोस, पण ही गोष्ट मला सांगितली कुणी? जानेवारीत, तुझ्याच टेबलावर, तुझं सूप पिताना, तूच. हसून हसून तुझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

राग निवला की माझ्यावरचा लोभ पुन्हा जागेवर ठेव.

तुझी,
ग्राझिएला

•

व्हॅलेटा,
१० मार्च १९९७

चि. ग्राझिएला हिस,
आज आशीर्वाद शिल्लक नाहीत.

माझ्याच टेबलावर, असं तूच लिहितेस. टेबलावर, दार लावून, घरच्या मुलीला. घरात मी दातांची कवळी काढून बसते. म्हणून ती बशीत घालून तू गल्लीत फिरवणार का?

शिवाय तू अर्धीच गोष्ट ऐकलीस, कारण तुझी बोटीची वेळ झाली होती. भुसा कधी नव्हताच. बेचाळीस साली पीठ संपत आलं, तेव्हा त्यात बटाटा मिसळायचा हुकूम सरकारनेच काढला. सगळ्याच बेकऱ्यांचा पाव काळा आणि चिकट होता. नाव पडलं ते सालवीनाच्या बापाला, कारण तो चिडायचा. चिडणाऱ्यालाच नाव चिकटतं. त्याच्या अंत्ययात्रेतही कुणीतरी ते पुटपुटलं.

शाळेत एका मुलीने सालवीनाच्या पावाला नाक लावून भुसा गेल्यासारखं शिंकून दाखवलं. मी पाटीने तिचं कपाळ फोडलं. सिस्टरने मला चॅपेलच्या फरशीवर गुडघ्यांवर बसवलं. थोड्या वेळाने सालवीना आली आणि कुणी न सांगता माझ्या शेजारी गुडघे टेकून बसली.

मग मी हसले का, असं विचारशील. इतक्या वर्षांनी माणूस हसतो. सालवीनाही कधीमधी हसते. पण ते हसू आमच्या दोघींचं आहे. तिकीट काढून आलेल्यांचं नाही.

दार बंदच राहू दे. ते लावलंय सालवीनाने.

डोलोर

•

स्लीमा,
१५ मार्च १९९७

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

गोष्ट काढली. बुधवारी त्या दारापुढून मी मुकाट्याने पुढे गेले. काल सालवीनामावशींकडे जाऊन माफी मागून आले. तू घरी नव्हतीस, किंवा होतीस आणि दार उघडलं नाहीस.

त्या माझ्यावर रागावल्याच नाहीत. पेल्यात चहा दिला, उपासाच्या बदामाच्या वड्या दिल्या. तुझं नाव निघालं तेव्हा मात्र म्हणाल्या, “तू बाहेरून आलीस, बाळ. तुला काय माहीत? तिला माहीत होतं.” शुक्रवारी त्या थोरल्या सुनेबरोबर जाणार आहेत.

विषय बदलायचा म्हणून विचारलं की, मग आमच्या घराचं टोपणनाव काय? आईला विचारलं की ती फोन ठेवते. सालवीनामावशी बराच वेळ चहा ढवळत राहिल्या. मग म्हणाल्या, “तुमच्या घराला नाव पडलंच नाही.”

म्हणजे अख्ख्या गल्लीत बिननावाचं एकच घर, आणि तेही आपलं. बघ, कसं नशीब आहे. आता तरी हस.

तुझी,
ग्राझिएला

•

दुसरा मजला,
१७ मार्च १९९७

सालवीना हिस,
डोलोरचा स. न. वि. वि.

तू माझ्या पायाखाली राहतेस, तरी तिकीट लावून लिहिते आहे. जिन्यात तू भिंतीकडे बघतेस आणि मला पाठीशी बोलायची सवय नाही.

भाचीवर चिडून झालं. आता तुझ्यावर चिडले आहे. पोरीने विचारलं, तेव्हा तू खोटं बोललीस. आमच्या घराला नाव पडलं नाही? युद्धात एका पहाटे विमानहल्ल्याचा भोंगा वाजला, तेव्हा माझा बाप हाताला लागलेला माझ्या आईचा लाल परकर नेसून धावत भुयारात शिरला, आणि दिवस वर येईपर्यंत सगळ्या गल्लीसमोर तसाच जपमाळ ओढत बसला. तेव्हापासून आम्ही ‘परकरवाले’. तू तर पहिल्या बाकावर होतीस.

तुला एक शब्द पुरला असता. परकी माणसं माझ्या गॅलरीखाली हसली असती आणि आपली फिटंफाट झाली असती. तू तो शब्द चहाबरोबर गिळलास. माझा मी सुपाबरोबर ओकले. आपल्या दोघींत मोठी कोण ठरली, ते मला कळतं. म्हणूनच अंगाचा तिळपापड होतो आहे.

मला असले उपकार नकोत. ग्राझिएलाला मी सगळं कळवलं आहे. गुरुवारी सकाळी ती माणसं घेऊन येईल, माझ्या गॅलरीखाली थांबेल आणि परकराची गोष्ट सांगेल. मी गॅलरीत उभी राहणार, आत जाणार नाही. पोरीच्या तपशिलात चूक झाली, तर तू दुरुस्त कर. हसायचं असेल, तर मोठ्याने हस.

आता शुक्रवारचं. तुझी सून मिरवणुकीत चपला घालून चालते, हे सगळ्या परगण्याला माहीत आहे. तिचा हात धरायचा असेल, तर धर. पण माझ्या नामदिनी मी दारात उभी राहून तुझ्या पावलांचा कानोसा घेत बसणार नाही. तुझ्यावरचा लोभ होता तेवढाच आहे. कमी करून पाहिला, जमलं नाही.

माझ्याबरोबर अनवाणी येणार की नाही, ते एका शब्दात, तुझ्या हातचं, लेखी हवं. सुनेकडून निरोप चालणार नाही. गुरुवार, २० मार्च, संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा होण्याआधी ते माझ्या दाराखालून आत आलं पाहिजे.

डोलोर परकरवाली