फाडलेलं कार्ड

बऱ्हाणपूर,
गुरुवार, ता. ९ फेब्रुवारी १९५०

चि. श्रीकांत यास वामनचे अनेक आशीर्वाद.

आईचा दमा सध्या बरा आहे. शाळेत परीक्षा जवळ आल्या. तुझी शारदा परवापासून जेवलेली नाही. पुढे ‘बाकी ठीक’ लिहिणार होतो, पण हात धजला नाही.

दोन वर्षांनी लिहितोय. विमानात रेडिओ चालवायची नोकरी तू धरलीस, तेव्हापासून मी तुला अपघातांची कात्रणं पाठवत होतो. माझ्या मते विमानं रोजच पडायची. शेवटी तू उलट लिहिलंस, “दादा, एकाच अपघाताची चार कात्रणं पाठवलीत. तारखा तरी बघा.” ते मला फार झोंबलं. मास्तराला तारखा शिकवतोस काय! मी पत्र बंद केलं.

मंगळवारी दुपारी नागपूरहून आपल्या आतेभावाचं, गजाननचं, कार्ड आलं. विमान पडल्याचं. अशुभाचं कार्ड घरात नेत नाहीत, म्हणून ओट्यावरच फाडलं, तुकडे गटारात टाकले आणि भर दुपारी डोक्यावरून आंघोळ केली. आईने माझं ओलं डोकं पाहिलं आणि हंबरडा फोडला. मला काही सांगावंच लागलं नाही.

संध्याकाळी सिंधीपुऱ्यातल्या बाया जमल्या. सोजरबाई शारदेचा हात धरून म्हणाल्या, “खबर तर आली ना बाई, आता काय बाकी राहिलं?” शारदेने हात सोडवून घेतला. माझ्यासमोर कधी मान वर न करणारी ती सगळ्यांदेखत म्हणाली, “दादा, आधी कागज दाखवा. मंग माझ्या बांगड्यांले हात लावा.”

कागद कुठून दाखवू?

काल शाळा बुडवून वाचनालयात बसलो. नागपूरचा पेपर म्हणतो, विमान सोमवारी पडलं, नऊ गेले. खंडव्याचा हिंदी पेपर म्हणतो, मंगळवारी, चौदा. मी दोन विमानं धरून चाललो होतो. मग गाव, वेळ, कुणाच्या शेतात पडलं ते ताडून पाहिलं, तेव्हा कळलं की एकच. तू म्हणाला होतास तसंच. नावं कुठेच नाहीत. कंपनीला तार केली. उत्तर आलं, यादी तपासत आहोत. तुझ्या घरमालकाला केली. तो म्हणतो, आठ दिवस खोलीला कुलूप आहे. कागद दाखवायला बायांनी सोमवारपर्यंत मुदत दिलीय, नाहीतर बांगड्या फोडणार. आईही आता त्यांच्याच बाजूने बोलते.

गजाननला मात्र मी तार केलेली नाही. का, ते लिहितो.

तू गेलास असं त्याने लिहिलेलंच नव्हतं. “विमान पडलं, श्रीकांत त्याच मार्गावर असतो, चौकशी करतोय,” एवढंच होतं. बाकीचं मी ठरवलं. आणि खरं सांगतो, श्रीकांत, ते वाचताना डोळ्यांपुढे आधी तू आला नाहीस. ‘मी म्हणत होतो ना!’ हे आधी मनात आलं. क्षणभर मला बरंसुद्धा वाटलं. त्याची इतकी लाज वाटली की कार्डात काय होतं ते मी कुणाला सांगितलं नाही, आणि माझ्या तोंड शिवून बसण्यापायी त्या पोरीच्या बांगड्या फुटायची वेळ आली. मला तोंड दाखवायला जागा नाही.

हे पत्र आधी शारदेच्या हातात देतो, मग पाकिटात घालतो.

वाचलं तिने. दोनदा वाचलं. आईजवळ सोजरबाई बसल्या होत्या, त्यांना या पत्रातला कार्डाचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. मग माझ्या हातातून पाकीट घेतलं आणि तुझं नाव कधी तोंडाने न घेणाऱ्या तिने ते त्याच्यावर पूर्ण लिहिलं. खाली कंपनीच्या कचेरीचा पत्ता मी सांगितला. रजिस्टर करतोय, पोचपावती जोडून. माझ्या शब्दावर तिचा आता विश्वास नाही, आणि का असावा? तिला पावतीवर तुझ्या हातची सही हवी आहे. दुसऱ्या कुणाला करू देऊ नकोस.

मला हव्या तेवढ्या शिव्या दे, पण सही कर.

तुझा,
वामनदादा