तिरक्या लेबलांचा हितचिंतक

२ जानेवारी, सकाळी ७
राजीनामा दिला. पार्सलवर पत्त्याची लेबलं छापायचा माझा प्रोग्राम नऊ हजार गोदामांत चालतो. कोडसकट फुकट, कुणीही न्या. आणि मी ऑफिसात बसून त्याच लेबलांच्या तक्रारी निस्तरत होतो. आता प्रोग्रामच मला पोसेल. साहेब म्हणाले, ३१ मार्चपर्यंत खुर्ची रिकामी ठेवतो. मनात हसलो. बायको म्हणाली, तारीख लक्षात ठेव, एका पगारात घर चालायचं नाही.

संध्याकाळी
सासऱ्यांनी विचारलं, जावईबापू, फुकट वाटता, मग पैसे कोण देणार? म्हटलं, कृतज्ञता. ते निवृत्त पोस्टमास्तर. म्हणाले, काउंटरवर डिंक फुकट ठेवायचो, चाळीस वर्षांत एकाने डिंकाचे आभार मानले नाहीत. जुनी पिढी. डिंकात आणि कोडमध्ये फरक कळत नाही.

१७ जानेवारी
'देणगी द्या' हे बटण लावलं. रंग ठरवायला अकरा दिवस गेले. हिरवा.

१९ जानेवारी
पहिली प्रतिक्रिया! एक गोदामवाला लिहितो, या बटणाखाली 'छापा' बटण झाकलं गेलंय, ताबडतोब हलवा, माल अडलाय. नमस्कार नाही, कृपया नाही. फुकटे लेकाचे. हलवलं. आता देणगीचं दिसत नाही. तात्पुरतं.

४ फेब्रुवारी
देणगी आली! एक. बायकोची. बटण चालतं का ते बघत होती म्हणे. परत मागितली.

११ फेब्रुवारी
नवं धोरण: प्रोग्राम फुकट, सल्ला विकत. लगेच गळाला मासा! तोच गोदामवाला. लेबलं तिरकी छापली जातात, दुरुस्तीचं काय घ्याल? कोटेशन करायला घेतलं. लेटरहेडसकट.

१२ फेब्रुवारी, दुपारी
कोटेशन पाठवणार, तेवढ्यात प्रोग्रामच्या जाहीर चर्चेच्या पानावर कुणा दीडशहाण्याने गोदामवाल्याला उत्तर दिलेलं दिसलं. म्हणे, कागद बदला. कागद! दोष समासाच्या मोजमापात आहे, शेंबडं पोरही सांगेल. असलं उत्तर जगासमोर तसंच राहू द्यायचं? तासाभरात बरोबर उत्तर टाकलं. आकृत्यांसह. दुरुस्त कोडसह.

संध्याकाळी
गोदामवाला कळवतो, काम झालं, कोटेशनची तसदी नको. बायकोने विचारलं, पाठवलंस का रे? तिला तत्त्व आणि धंदा यांतला फरक समजावला. तिने मध्येच उठून ताटं उचलली.

१ मार्च
आता गय नाही. आजपासून नव्या आवृत्तीला पैसे. बघू कुठे जातात.

३ मार्च
सगळे त्या गोदामवाल्याकडे गेले. त्याने माझी आधीची फुकट आवृत्ती उचलून वेगळी चूल मांडली. नियमाने मुभा आहे. नियम मीच लावला होता. त्याच्याकडचा कोड वाचला. शिसारी आली.

९ मार्च
तिथल्या चुका बघवेनात. सात दुरुस्त्या पाठवल्या. 'हितचिंतक' या नावाने, कारण शत्रूला मदत केल्याचं दिसायला नको. त्यांना लाज वाटावी एवढाच हेतू.

२२ मार्च
आणखी एकतीस पाठवल्या. अजून लाज वाटलेली नाही. उलट हितचिंतकाला विचारलेले प्रश्न वाढलेत.

३१ मार्च, दुपारी ४
साहेबांकडे डोकावलो. सहज. खुर्ची जागेवर आहे, तिच्यावर झेरॉक्सच्या कागदांचे गठ्ठे. साहेबांनी चहा मागवला. म्हणाले, वाईट वाटून घेऊ नका, ते पदच रद्द केलं. लेबलं आता त्या गोदामवाल्याच्या फुकट प्रोग्रामवर निघतात. काही अडलं की तिथे कुणी हितचिंतक आहे, तासाभरात निस्तरून देतो, एक पैसा मागत नाही. देवमाणूस! मग आवाज खाली आणून म्हणाले, खरं सांगू, तुमच्यापेक्षा तत्पर आहे हो.
चहा संपवून उठलो.

संध्याकाळी ६
बायको दारातच उभी. काय म्हणाले? सांगितलं, माझ्या कामावर बेहद्द खूश आहेत. मग रुजू कधी व्हायचं, तिने विचारलं. महत्त्वाचं काम आलंय म्हणून खोलीत आलो.

६.१०
खरंच आलंय. साहेबांच्या ऑफिसातून, हितचिंतकाला. लेबलं पुन्हा तिरकी, ताबडतोब बघा. कृपया नाही. यापुढे असल्यांना उत्तर द्यायचं नाही. ठाम.

६.२५
कुणीतरी 'कागद बदला' लिहिलंय.

६.५०
उत्तर दिलं. आकृत्यांसह.