टोपभर पिठलं

१४ जुलै, रिहे

आठवडाभर लिहायचं टाळलं. बसलो की पाय बाहेर ओढतात. आज मात्र बाहेरही करमेना.

सकाळी आमच्या खाचरात भात लावायचं मशीन आलं. बघायला मजा आली, खोटं कशाला लिहू? दुपारच्या आत सगळं रान लावून मोकळं. आई म्हणाली, "माझी कंबर वाचली बाबा." तेही खरंच.

मग घरी येऊन बघतो, तर टोपभर पिठलं आणि पाटीभर भाकरी. दरवर्षी लावणीला वरच्या वाडीवरून ठकूमावशी बाया घेऊन येते, तेवढ्या सगळ्यांचं.

मी हसलो, "आई, मशीन जेवणार का?"

ती हसली नाही. "हाताला सवय हाय रं. ठकीला यंदा सांगावाच न्हाई धाडला. कुटल्या तोंडानं धाडू?"

लावणीच्या मजुरीवर मावशीचा पावसाळा निघतो. आता ती काय करणार? मला काय माहीत? मला तर माझंच पुढं काय ते माहीत नाही. पहिलं रोप तिनं रोवायचं, मगच बाकीच्यांनी वाकायचं. आज पहिलं रोप कोणतं ते कळलंच नाही. आणि तो टोप अजून तसाच.

थांबा, अंगणात कोणीतरी आलंय.

ठकूमावशीच. मागे बाया, काखेत गाठोडी. अंधारात तिला रान दिसलं नसावं.

"सांगावा इसरलीस व्हय गं? म्हनलं, आपनच जावं. सकाळी कुटनं धरायची लावणी?"

आई टोपाखाली पुन्हा जाळ घालतेय.