होडी आईच्या वितीने पुरी करण्याबाबत

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा सुतारकाम (दारे व खिडक्या), शिक्षण इयत्ता चौथी, वर्गात पहिला, माझ्या राहत्या घरी खुर्चीवर ताठ बसून, कोणाच्याही दडपणाखाली नसताना व कोणत्याही औषधाच्या गुंगीत नसताना हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला, आणि त्यांच्या दवाखान्याचे दार उजव्या कोपऱ्यात खाली घासते, हेही सांगितले. त्यांनी लगेच सही केली.

याआधी वकिलांकडून करून घेतलेला खर्डा रद्द समजावा. त्यात मी "मुलांच्या आईच्या बोटांच्या मापाने" असे सांगितले असता त्यांच्या लेखनिकाने "आईच्या बोटींच्या मापाने" असे टंकले. माझ्या पत्नीच्या मालकीच्या बोटी होत्या असे वाचून माझी सून अर्धा तास हसत होती. म्हणून येथे स्पष्ट करतो की, या कागदात "बोट" म्हणजे ते बोट, हाताचे. पाण्यावर चालते तिला मी सर्वत्र होडी म्हटले आहे.

कलम १. घर. राहते घर माझ्या मुलास व मुलीस समान हिश्शाने द्यावे. मुलगा येथे राहतो म्हणून त्याचा हक्क जास्त नाही, व मुलगी तीन वर्षे येथे आली नाही म्हणून तिचा हक्क कमी नाही. ती का आली नाही ते कलम ५ मध्ये लिहिले आहे. त्यात दोष माझा आहे.

कलम २. बँकेत जे आहे त्यातून माझा अंत्यविधी साधेपणाने करावा. उरेल ते सुनेस द्यावे. तिने गेली सात वर्षे बैठकीच्या खोलीत होडी सहन केली आहे. पाहुणे आले की ते होडीच्या कण्यावर कपबशी ठेवतात आणि ती हसून म्हणते, "बसा, पाणी अजून आलेलं नाही." मी तिला फासळ्यांवर ओले कपडे वाळत घातल्याबद्दल बोललो होतो. ते शब्द मागे घेतो. कपडे मात्र तिने तेथे वाळत घालू नयेत, लाकूड काळे पडते.

कलम ३. हत्यारे. रंधे, पटाश्या, वाकस, करवती व गुण्या ही सर्व हत्यारे मुलीस द्यावीत. मुलगा वाईट वाटून घेणार नाही. तो वीजमीटरच्या खात्यात आहे आणि त्याने शेवटचा खिळा ठोकला तेव्हा त्याच्या अंगठ्याचे नख गेले होते. लाकडाला भोक पाडायचे गिरमिट गल्लीतल्या रंगाऱ्याकडे आहे. त्याने ते आठ दिवसांसाठी नेले त्यास अकरा वर्षे झाली. त्यास मी क्षमा केलेली नाही, पण गिरमिट मागू नये. मागितल्यास तो परत देईल, आणि मग माझ्याकडे बोलण्यासारखे काही राहणार नाही.

कलम ४. होडीचे वर्णन. लांबी चौदा फूट, कणा व टोके पूर्ण, फासळ्या एकूण सतरा ठरलेल्या, पैकी सात बसवलेल्या, फळ्या कापून भिंतीला टेकवलेल्या. ही होडी माझी नाही. ती माझ्या पत्नीची आहे, मी तिचा फक्त सुतार. पत्नी नावाड्याची मुलगी. पूल झाला आणि तिच्या वडिलांची होडी बंद पडली, तेव्हा ती नऊ वर्षांची होती. बहात्तराव्या वर्षी मी दारे-खिडक्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालो, त्या दिवशी तिने मला विचारले, एक होडी कराल का. मी विचारले, या वयात कोणाला पलीकडे न्यायचे आहे? ती म्हणाली, "कोणालाच नाही. आमच्या घराने जन्मभर लोकांना पलीकडे पोचवलं. मला नदीच्या मध्यावर नुसतं बसायचंय."

नकाशा नव्हता. तिने वडिलांची होडी आठवून एका वहीत मापे लिहिली, ती सर्व विती व बोटे अशी. ती शिवणकाम करी, पण टेप वापरत नसे. टेप ताणला जातो, बोट नाही, असे तिचे म्हणणे होते. ती लाकडावर हात पसरून खूण करी, मी खुणेवर कापी. पहिल्या सात फासळ्या अशा झाल्या. त्यानंतर ती गेली. आजार चार आठवड्यांचा होता.

होडी घराबाहेर कशी काढणार, असे गल्लीतील प्रत्येकाने मला विचारले आहे. मी दारांचा सुतार आहे. पुढच्या दाराची चौकट मी काम सुरू करण्याच्या आदल्या दिवशी सोडवून आठ स्क्रूंवर बसवली आहे. कोणीही चिंता करू नये.

कलम ५. माझी चूक. हे कलम मुलाने मोठ्याने वाचावे व वाचताना गाळू नये.

पत्नी गेल्यावर मी वही घेऊन पुढील काम एकट्याने सुरू केले. आठवी फासळी, पाच विती दहा बोटे. नववी, सहा विती. मी चौथीत कोष्टक पाठ केले होते: बारा बोटांची एक वीत, दोन वितींचा एक हात, आणि वीत म्हणजे नऊ इंच. ते कोष्टक मला आजही झोपेत येते. त्याप्रमाणे मी इंच काढले व आठ ते बारा अशा पाच फासळ्या कापून बसवल्या. बसवताना डोळ्याला खटकले. पण मी जन्मभर सरळ वस्तू केल्या, होडी कधी केली नव्हती, आणि कोष्टकापुढे मी डोळ्याचे ऐकले नाही.

मुलगी त्या वेळी दर सुट्टीला येत असे. ती दुसऱ्या गावी पुस्तकबांधणीच्या कारखान्यात काम करते, आणि तिचा हात स्थिर आहे. ती होडीभोवती एक फेरी मारून आली व म्हणाली, "बाबा, होडीला पोट सुटलंय." मुलगा हसला, सून हसली. मी सांगितले की माप वहीतले आहे आणि वही तुझ्या आईची आहे. तिने वाकून नवव्या फासळीवर हात पसरला, एक, दोन, तीन असे मोजत गेली आणि म्हणाली, "सहाच्या जागी सात विती भरतायत, वर दोन बोटं आहेत. आईची वीत एवढीच होती, बाबा. आम्ही हाताला हात लावून बघायचो."

त्यावर मी सर्वांसमक्ष म्हणालो, "तुझा हात म्हणजे आईचा हात नव्हे. या होडीला पुन्हा हात लावायचा नाही."

ती "बरं" म्हणाली. कानावरची पेन्सिल काढून तिने सातव्या फासळीवर ठेवली, चप्पल घातली आणि गेली. त्यानंतर ती आलेली नाही. ती मुलाला फोन करते व विचारते, बाबांनी गोळ्या घेतल्या का. मुलगा फोन माझ्यासमोर धरतो. मी भिंतीकडे पाहून मोठ्याने म्हणतो, "घेतल्या म्हणावं." असा आमचा व्यवहार आहे.

ती गेल्यानंतर दीड महिन्याने मी त्याच वहीत मागील पाने चाळीत होतो. तेथे पत्नीने पडद्याचे माप लिहिले होते: "पुढची खिडकी, उंची सहा विती." ती खिडकी मी स्वतः केली आहे. ती पंचेचाळीस इंच आहे, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. कोष्टकाने ती चोपन्न व्हायला हवी. मी उठून टेप लावला. पंचेचाळीसच होती. म्हणजे माझ्या पत्नीची वीत साडेसात इंचांची होती. एकेचाळीस वर्षे तो हात माझ्या घरात होता. त्याचे माप मला शाळेच्या पुस्तकातून काढावे लागले, आणि तेही चुकीचे निघाले.

त्याच आठवड्यात मी पाचही फासळ्या उतरवल्या. मुलाने विचारले तर कीड लागली असे सांगितले. कीड लागली नव्हती. हे मी सत्यप्रतिज्ञेवर लिहीत आहे की मुलगी बरोबर होती, मी चूक होतो, आणि मला ते दोन वर्षे दहा महिने माहीत आहे.

कलम ६. होडी पुरी करणे. आता साडेसात इंचांचा हिशोब मला करता येतो व पुढील फासळ्या मी स्वतः कापू शकलो असतो, असे कोणी म्हणेल. ते खरे नाही. वहीत आठवी व नववीनंतर नुसते आकडे नाहीत; मी तेव्हा आकडे तेवढे घेतले. दहावीपुढे लिहिले आहे: "नववीपेक्षा जरा आत, तळहात टेकेल इतकी." तेराव्या फासळीपुढे: "इथे अंगठा घसरला पाहिजे." हे मोजायला तो हातच लागतो, आणि तसा हात या घरात आता एकच आहे. मुलाचा हात चांगला आहे, पण तो पंजा आहे.

सबब होडी, वही, फळ्या व उरलेल्या दहा फासळ्यांचे लाकूड मी मुलीस देतो. तिने आपल्या वितीने मापावे. कापण्यास मुलाने धरू लागावे, पण मत देऊ नये. भाड्याचा सुतार लावू नये. मापात वही व तिचा हात यांत फरक पडल्यास हात प्रमाण मानावा.

कलम ७. तिने नकार दिल्यास तो नकार योग्य समजावा. तिला कोणी समजावू नये, माझ्या आत्म्याची शपथ घालू नये, "बाबांची शेवटची इच्छा" हे शब्द उच्चारू नयेत. त्या शब्दांनी माणूस बांधला जातो आणि बांधलेल्या माणसाचे माप चुकते. होडी सुनेच्या परवानगीने आहे तेथे राहील. ती कंटाळल्यास फळ्यांची भांड्यांसाठी मांडणी करावी.

कलम ८. हे कलम मूळ लिखाणात नव्हते. कागद पुरा झाल्यावर मी पहिल्या साक्षीदारास, म्हणजे कोपऱ्यावरच्या घड्याळजीस, वाचावयास दिला. तो भिंग लावून सावकाश वाचतो. पाचवे कलम त्याने दोनदा वाचले व विचारले, "हे ती कधी वाचणार?"

मी म्हणालो, "मी गेल्यावर. मृत्युपत्र आहे ते."

"मग तिने भांडायचं कोणाशी?"

मी सांगितले की भांडण होऊ नये म्हणूनच सर्व स्पष्ट लिहिले आहे. त्यावर तो म्हणाला, "काका, तुम्ही दार करून दिलंत आणि कडी आपल्याच बाजूला ठेवलीत." तो वयाने माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहे आणि त्याने मला असे बोलावे हे मला आवडले नाही. मी सुनेला चहा सांगितला. चहा सुनेने आणला आणि कपबशी कण्यावर ठेवून ती तेथेच उभी राहिली. तिनेही वाचले असावे. ती म्हणाली, "बाबा, पोस्टाचं पाकीट आहे माझ्याकडे. देऊ?"

मी विचार केला. कोणी चूक दाखवल्यावर ती दुरुस्त करावी, हे मी चाळीस वर्षे कारखान्यातील मुलांना सांगितले. सबब पुढीलप्रमाणे ठरवितो. या मृत्युपत्रातील घर, बँक व हत्यारे ही कलमे माझ्या मृत्यूनंतर लागू होतील. कलम ५, ६ व ७ ही आजपासून, मी जिवंत असताना, लागू आहेत. त्यांची माझ्या हस्ताक्षरातील नक्कल आज रजिस्टर पोस्टाने मुलीस पाठवीत आहे. तिने भांडावयाचे असल्यास मी सकाळी सहापासून घरी असतो. दुपारी दोन ते तीन झोपतो, पण उठवल्यास चालेल.

होडी पुरी होण्यासाठी माझा मृत्यू होणे आवश्यक नाही, हे या कागदान्वये जाहीर करतो.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, व दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. सुधारणांजवळ सह्या केल्या आहेत.

(सही) मृत्युपत्र करणारा
ठिकाण: राहते घर, बैठकीची खोली
दिनांक चौदा, वार शनिवार, सकाळी साडेदहा

साक्षीदार पहिला: आमच्यासमक्ष सही केली. हात थरथरत नव्हता.
(सही) घड्याळजी, कोपऱ्यावरचे दुकान

साक्षीदार दुसरा: आमच्यासमक्ष सही केली. स्थिरबुद्धीबद्दल माझा दाखला कायम आहे. दवाखान्याचे दार दुरुस्त करून घेत आहे. आणखी एक नोंद, कारण साक्षीदाराने पाहिले ते लिहावे. सूनबाईंनी पाकीट दिले व मुलीचा पत्ता पत्त्यांच्या वहीतून शोधून देऊ का, असे विचारले. यांनी नको म्हटले, आणि पिनकोडासकट तोंडपाठ लिहिला.
(सही) डॉक्टर