क्लेमेंटशेजारची जागा

मी, डॉ. मधुमती क्लेमेंट जोसेफ, माहेरची सबनीस, वय चौऱ्याहत्तर, राहणार नॉटिंगहॅम, सेंट अ‍ॅन्सेल्म या कॅरिबियन बेटाची माजी राष्ट्राध्यक्ष, पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते की यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. पदावर असताना पंतप्रधानांच्या सल्ल्यावाचून मला एक सहीही करता येत नसे. ही सही मी कोणालाही न विचारता करीत आहे.

१. निवृत्तीनंतर मुलगी ईशानी हिच्याजवळ राहता यावे म्हणून घेतलेले इथले घर तिलाच. या मृत्युपत्राची व्यवस्थापकही तीच. तिने ते विकले तरी माझी हरकत नाही. बॉयलरवाल्याचा नंबर फ्रिजवर आहे.

२. बँकेतील शिल्लक बेटावरच्या बाळंतपणाच्या वॉर्डाला. कार्डिफला शिकताना क्लेमेंट भेटला, लग्न झाले, आणि त्याच्या बेटावर माझी सारी नोकरी या वॉर्डात गेली. दोन्ही पक्षांच्या पुढाऱ्यांची मुले माझ्या हातून जन्मली, शिवाय तिथे माझे कोणी भाऊबंद नव्हते. राष्ट्राध्यक्ष व्हायला एवढी पात्रता पुरली. वॉर्डात माझ्या नावाची पाटी लावू नये.

३. स्टेथोस्कोप नात स्वरालीला, ती नर्स होते आहे. राष्ट्राध्यक्ष म्हणून समारंभात खांद्यावरून घालायचा हिरवा पट्टा ईशानीला. त्याचे काहीही करावे, फक्त भिंतीवर टांगू नये.

४. धाकटा भाऊ नंदू, राहणार नागपूर. माझ्या लग्नाला आला नाही, "आमच्या लेखी तू मेलीस" असे कळवले. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर सपत्नीक आला, यथेच्छ पाहुणचार झोडला, आणि बागेत माझ्याबरोबर फोटो काढताना क्लेमेंटला म्हणाला, "तुम्ही जरा बाजूला होता का?" तो फोटो, चांदीच्या फ्रेमसह, नंदूला. माझा राग अजून गेलेला नाही.

५. माझा देह. माजी राष्ट्राध्यक्षाला तोफा, बँड आणि राजधानीच्या टेकडीवर मानाच्या दफनभूमीत जागा, असा तिथला नियम. क्लेमेंट मात्र त्याच्या गावी, चर्चमागे आहे. टेकडीवर गेले तर तो एकीकडे आणि मी दुसरीकडे, कायमचे. मला ते नको आहे. या सोहळ्याची आखणी आतापासूनच ठरवायला राजशिष्टाचार खात्याचे फोन सुरू झाले तेव्हा ईशानी म्हणाली, "आई, त्यांना स्ट्रेट नो सांग. फ्युनरल तुझा आहे, गव्हर्नमेंटचा नाही."

"नो म्हणायची सवय राहिली नाही गं," मी म्हटले. "लिहून ठेवते."

तरी हा मान मी नाकारते. दहन नॉटिंगहॅमलाच करावे, बटण ईशानीने दाबावे. रक्षा तिने बेटावर नेऊन क्लेमेंटच्या कबरीत ठेवावी. सरकारला त्यानंतर कळवावे, आधी नाही.

६. क्लेमेंट गेला तेव्हा मी पदावर होते. राष्ट्रप्रमुखाने कबरीच्या काठाशी जायचे नाही, असा शिष्टाचार. मला मंडपात खुर्ची दिली, मागे अंगरक्षक उभा. गावकऱ्यांनी माती दिली, पंतप्रधानांनी दिली. बायकोची मूठ तेवढी राहिली. तेव्हा ईशानी, खड्डा झाला की घाई करू नकोस. आधी माझ्या वतीने एक मूठ माती बाबाला दे. मग मला ठेव.

सही: मधुमती जोसेफ
नॉटिंगहॅम, १४ नोव्हेंबर २००६

आम्हां दोघांच्या देखत बाईंनी वरील सही केली. आम्हांला यातून काही मिळावयाचे नाही.
साक्षीदार: १. राजीव कर्णिक, शेजारी २. प्रमोदिनी देवधर, मैत्रीण